ट्रॅक चांगलाय, मग घेत का नाहीत? प्रॉडक्शन म्युझिकबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात फिल्म स्कोअरिंगवर लिहिलं होतं, पण त्यानंतर आलेले बहुतेक प्रश्न प्रॉडक्शन म्युझिकचेच निघाले. म्हणजे कुठल्या एका प्रोजेक्टसाठी न बनवता आधीच तयार करून लायब्ररीत ठेवलेलं संगीत, जे टीव्ही, जाहिरात, डॉक्युमेंटरी, ट्रेलरवाले लायसन्स घेऊन वापरतात. तर या वेळी सगळे प्रश्न त्याचेच घेतलेत.

ताई, मी संगीताचं रीतसर शिक्षण घेतलंय, अरेंजिंग येतं, मिक्स स्वतः करतो. पुष्कळ लायब्ररींना ट्रॅक पाठवले. एकाने कळवलं की "छान आहे पण आम्हाला वापरता येणार नाही", बाकी सगळे गप्प. छान आहे तर वापरता का येत नाही? लिंक सोबत देतोय.

ज्याने उत्तर दिलं त्याने तुला खरं कारण सांगितलंय रे, ते नीट वाच. तुझा ट्रॅक ज्याच्या हातात पडतो तो रसिक म्हणून ऐकायला बसलेला नसतो. तो एडिटर असतो, टाइमलाइनवर चाळीस सेकंदांचा सीन आहे, वरून निवेदकाचा आवाज आहे आणि रात्रीपर्यंत एपिसोड द्यायचाय. तो सुरुवातीचे काही सेकंद ऐकतो, मग वेव्हफॉर्मवर मधेच कुठेतरी क्लिक करतो, मग शेवट बघतो आणि ठरवतो. बस, एवढाच वेळ असतो त्याच्याकडे.

आता तुझे तिन्ही ट्रॅक मी या नजरेने ऐकले. वाजवणं सुंदर आहे, खरंच. पण दुसऱ्या ट्रॅकमध्ये पियानो यायलाच चाळीस सेकंद लागतात, तोवर नुसता पॅड, म्हणजे मागे लांबवलेले मंद स्वर, मग आनंदी वाटता वाटता मधेच तो उदास होतो आणि शेवटी फेड आउट. एवढ्यात एडिटरचा सीन संपला पण! मैफिलीत हे वळण लोकांना आवडेल, इथे मात्र त्याला आनंदी तुकडा हवा असेल तर अर्धा ट्रॅक वाया आणि उदास हवा असेल तर उरलेला अर्धा वाया.

म्हणून एका ट्रॅकमध्ये एकच मूड ठेव. तो वाढव, पातळ कर, पुन्हा भर, पण बदलू नकोस. दर आठ किंवा सोळा बारला काहीतरी नवीन येऊ दे किंवा काहीतरी निघू दे, कारण तिथेच त्याला कट करायला जागा मिळते. शेवट फेड आउटने नको, शेवटचा स्वर वाजून स्वच्छ थांबणारा हवा, ज्याला बटण एंडिंग म्हणतात. आणि निवेदनाखाली वाजणारं संगीत असेल तर बोलण्याच्या पट्टीत सतत गाणारं व्हायोलिन ठेवू नकोस, ते निवेदकाशी भांडत बसतं. मेलडी काढून टाकलेलं एक व्हर्जन द्यायचंच, बऱ्याचदा तेच जास्त वापरलं जातं. त्याशिवाय ६०, ३० आणि १५ सेकंदांचे कट आणि ड्रम्स, बेस, मेलडी असे वेगळे स्टेम्स, म्हणजे त्या त्या भागाच्या सुट्या फाइली. फाइल सहसा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह मागतात, पण प्रत्येक लायब्ररीची डिलिव्हरीची शीट वेगळी असते, ती बघूनच दे.

मेटाडेटाचं, म्हणजे ट्रॅकसोबत द्यायच्या वर्णनाचं काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण माझं ठाम मत आहे की ते संगीतकारानेच करावं. एडिटर सर्चमध्ये 'तणाव', 'तपास', 'मंद लय' असं काहीतरी टाकतो, आणि तुझ्या ट्रॅकच्या वर्णनात ते नसेल तर ट्रॅक कितीही चांगला असला तरी समोर येतच नाही. मूड, वाद्यं, टेम्पो, कुठल्या सीनला चालेल, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

आणि एकच मेल सगळ्यांना पाठवणं बंद कर. एखाद्या लायब्ररीचा कॅटलॉग निवांत बसून ऐक, त्यांच्याकडे काय नाहीये ते शोध, मग त्या एका विषयावर आठ-दहा ट्रॅक करून पाठव, कारण बहुतेक लायब्ररी सुट्या ट्रॅकपेक्षा अल्बमच्या हिशेबाने विचार करतात. वापरता येणारं संगीत म्हणजे कमी दर्जाचं असं मनात असेल तर ते काढून टाक. हा धंदा मूकपटांच्या काळापासून चाललाय, लंडनची डी वुल्फ लायब्ररी १९०९ सालची आहे, आणि बीबीसीच्या 'मास्टरमाइंड' या क्विझची १९७२ पासून वाजणारी धून लायब्ररीतूनच उचललेली आहे.

माझा ट्रॅक एका शोमध्ये मी स्वतः ऐकला, आठ महिने झाले, अजून काहीच जमा नाही. लायब्ररी म्हणते रॉयल्टी सोसायटीकडून येईल. फसवलं गेलंय का मला?

बहुतेक नाही, पण तपास करायला हवा, आणि तो तुम्हालाच करावा लागेल.

पैसे दोन वाटांनी येतात. पहिली वाट लायसन्स फीची, ती वापरणारा लायब्ररीला देतो आणि करारात ठरल्याप्रमाणे तुमचा वाटा मिळतो, पुष्कळदा अर्धा. पण टीव्ही चॅनल्स बऱ्याचदा ब्लँकेट लायसन्स घेतात, म्हणजे ठरावीक रक्कम भरून अख्खी लायब्ररी वापरायची, त्यात एका ट्रॅकच्या नावावर फारसं काही दिसत नाही. दुसरी वाट परफॉर्मन्स रॉयल्टीची, ती परफॉर्मिंग राइट्स सोसायटी गोळा करते, अमेरिकेत एस्कॅप आणि बीएमआय, ब्रिटनमध्ये पीआरएस, फ्रान्समध्ये सासेम, भारतात आयपीआरएस. या सोसायट्यांचे आपसात करार असतात म्हणून परदेशात वाजलेल्याचे पैसेही तुमच्या सोसायटीमार्फत येऊ शकतात, मात्र त्याला वेळ लागतो. देशातल्या देशातही सहा-नऊ महिने सहज जातात, बाहेरून यायचे असतील तर वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. आठ महिने म्हणजे अजून घाबरण्यासारखं नाहीये.

तपासायची मुख्य गोष्ट क्यू शीट. कार्यक्रमात कुठला ट्रॅक किती सेकंद वाजला, थीम म्हणून की पार्श्वसंगीत म्हणून, संगीतकार कोण, पब्लिशर (इथे सहसा लायब्ररीच) कोण, कोणाचा किती टक्के वाटा, हे सगळं त्या कागदावर असतं आणि तो प्रॉडक्शन हाउस किंवा चॅनलने भरायचा असतो. तो भरलाच गेला नसेल किंवा तुमचं नाव चुकीचं असेल तर पैसे येतात पण ते कोणाचे हेच सोसायटीला कळत नाही. म्हणून शोचं नाव, एपिसोड, तारीख आणि ट्रॅक कुठे वाजला ती वेळ लिहून लायब्ररीला मेल करा आणि क्यू शीटची प्रत मागा. सोसायटीच्या सभासदत्वाबरोबर मिळणारा आयपीआय नंबर त्यांच्याकडे बरोबर आहे का ते बघा, आणि ट्रॅक तुमच्या सोसायटीत नोंदलेला आहे का तेही. चिडून लिहू नका, बहुतेक वेळा समोरच्या माणसाकडूनही काहीतरी सुटलेलं असतं आणि तो दुरुस्त करून देतो.

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय, आता या क्षेत्रात यायचंय. एका लायब्ररीने एक्स्क्लुझिव्ह करार पाठवलाय. सही करावी का?

नमस्कार दादा. एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे ते ट्रॅक फक्त त्याच लायब्ररीकडे राहणार, हे वाईट असं अजिबात नाही, मोठ्या लायब्ररी सहसा तेच मागतात. पण सहीआधी काही कलमं शोधून वाचा. रायटर्स शेअर तुमच्याकडेच राहतोय ना हे सगळ्यात आधी. परफॉर्मन्स रॉयल्टीचे साधारण दोन समान भाग मानतात, एक संगीतकाराचा, एक पब्लिशरचा. लायब्ररीने पब्लिशरचा भाग घेणं रीतीचं आहे, तुमचा भागही मागत असतील तर मी सही करणार नाही. दुसरं, मुदत. कायमची आहे, की काही वर्षांत ट्रॅक कुठे लागलाच नाही तर हक्क परत मिळतात? कायमचीच असेल तर आगाऊ रक्कम देतायत का ते विचारा. तिसरं, बायआउट लिहिलंय का, म्हणजे एकदा पैसे देऊन पुढे काहीच नाही.

आणि एक कलम लोक वाचतच नाहीत, ते म्हणजे संगीत पूर्णपणे तुमचं आहे ही हमी. कोणी दावा केला तर खर्च तुमच्यावर येतो. म्हणून एखाद्या गाण्यासारखं काहीतरी द्या अशी मागणी आली तर टेम्पो घ्या, वाद्यं घ्या, जोश घ्या, चाल घेऊ नका. ऑर्केस्ट्रातल्या मित्राकडून बासरी वाजवून घेतलीत तर त्याची लेखी परवानगी घ्या आणि दोघांनी मिळून ट्रॅक केला तर वाटे त्याच दिवशी लिहून ठेवा, मैत्री टिकते. सॅम्पल पॅकचं, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचाचं, लायसन्सही वाचा, काहींमध्ये लायब्ररी म्युझिकसाठी वापर चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि लायब्ररीला दिलेला ट्रॅक परस्पर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (व्हिडिओतलं संगीत आपोआप ओळखणारी यंत्रणा) नोंदवू नका, नाहीतर लायसन्स घेतलेल्या माणसाच्याच व्हिडिओवर दावा लागतो आणि लायब्ररी पुन्हा तुम्हाला विचारत नाही. जमलं तर करार वकिलाला दाखवा.

महागडे सॅम्पल्स नसतील तर चालेल का?

चालेल. स्वतःचं एक वाद्य चांगलं वाजवून चांगलं रेकॉर्ड करता येत असेल तर आधी तेच पुढे करा. खोट्या ऑर्केस्ट्रापेक्षा खरी गिटार केव्हाही बरी.

एआय दोन मिनिटांत ट्रॅक बनवतं. नोकरी सोडून यात यायचा विचार होता, आता भीती वाटते. काय करू?

भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. नुसतं मागे काहीतरी वाजत राहावं एवढीच गरज असलेलं काम सगळ्यात आधी जाणार, आणि ज्याची सगळी कमाई त्यावर आहे त्याने आत्तापासून सावध व्हावं. पण लायब्ररीला अडचण हक्कांची असते. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं की फक्त माणसाच्या निर्मितीलाच नोंदणी मिळते, त्यामुळे नुसत्या मशीनने केलेल्या संगीताची मालकी कोणाची हाच प्रश्न उभा राहतो आणि क्लायंटला लायसन्स देताना तो अडतो. काही लायब्ररी आता एआय वापरलं नाही असं लिहूनही घेतात. मग तुम्हाला काय वाजवता येतं, कुठली शैली आतून माहितीये, कुठले वादक ओळखीचे आहेत, तिकडे वळा.

नोकरी मात्र लगेच सोडू नका. आज दिलेल्या ट्रॅकचा पहिला पैसा दिसायला वर्ष जाऊ शकतं आणि वीस-पंचवीस ट्रॅक्सवर घर चालत नाही, शेकड्यांचा कॅटलॉग लागतो आणि तोही दोन-तीन लायब्ररींमध्ये विभागलेला, एक बंद पडली किंवा विकली गेली तर सगळं अडकायला नको. महिन्याला दोन ट्रॅक पूर्ण होतील, स्टेम्स आणि मेटाडेटासकट, एवढीच गती धरा, पण ती वर्षानुवर्षं टिकली पाहिजे. मधल्या काळात शिकवणं, मिक्सिंग, जाहिरातीचं सुटं काम, जे जमेल ते चालू ठेवा. रॉयल्टीचं स्टेटमेंट सलग दोन वर्षं बघा, ती रक्कम कमी महिन्यांतही घरखर्चाच्या निम्म्यापर्यंत पोचत असेल तर अर्धवेळ नोकरीचं विचारून बघा. सोसायटीत नाव मात्र पहिला ट्रॅक द्यायच्या आधीच नोंदवा, कारण सभासद होण्यापूर्वी वाजलेल्याचे पैसे मिळतीलच असं नसतं.