‘निजि’, ‘निजिकान्’ आणि दोन दिवसांचा ‘फुत्सुका’

प्रश्न असा आहे: ‘जपानीत “दोन वाजले” यासाठी “निजि” आणि “दोन तास” यासाठी “निजिकान्” असे शिकवले. मग दोन तारीख आणि दोन दिवस या दोन्हींसाठी “फुत्सुका” हा एकच शब्द कसा? आणि दोन महिने म्हणायला मी “निगात्सु” म्हटले, तर शिक्षिका “तो फेब्रुवारी झाला” असे का म्हणाल्या?’

मराठीत घड्याळातली वेळ आणि वेळेची लांबी यांची सरमिसळ सहसा होत नाही, कारण आपण एकीकडे ‘वाजणे’, ‘तारीख’ आणि ‘मार्च’ म्हणतो, तर दुसरीकडे ‘तास’, ‘दिवस’ आणि ‘महिने’. जपानीत मात्र एकच मूळ शब्द दोन्ही कामांना लावला जातो आणि लांबी दाखवायची असेल तेव्हा त्याला बहुधा ‘कान्’ हे शेपूट जोडले जाते. ‘कान्’ म्हणजे दोन गोष्टींमधले अंतर. ते लिहिण्याच्या चित्राक्षरात दरवाजाच्या दोन फळ्यांमध्ये सूर्य आहे.

हे शेपूट सगळीकडे सारख्याच सक्तीने लागत नाही, आणि प्रश्नातला गोंधळ नेमका इथूनच सुरू होतो. तासांना ते लावावेच लागते: ‘सान्जि’ म्हणजे तीन वाजले आणि ‘सान्जिकान्’ म्हणजे तीन तास. आठवड्यांनाही प्राथमिक पातळीवर ते लावूनच म्हणावे: ‘इश्शूकान्’, ‘निश्शूकान्’ नव्हे तर ‘निशूकान्’, मग ‘सान्शूकान्’. मिनिटे आणि वर्षे यांना ते ऐच्छिक आहे. ‘गोफुन्’ म्हणजे संदर्भानुसार पाच मिनिटे किंवा अमुक वाजून पाच मिनिटे, आणि ‘निनेन्’ म्हणजे दोन वर्षे किंवा एखाद्या सम्राटाच्या कारकिर्दीचे दुसरे वर्ष, जसे ‘रेइवा निनेन्’ म्हणजे २०२०. संदिग्धता नको असेल तर ‘निनेन्कान्’ म्हणावे. मिनिटांच्या बाबतीत खरी मेहनत उच्चारांची आहे: इप्पुन्, निफुन्, सान्पुन्, योन्पुन्, गोफुन्, रोप्पुन्. दहा मिनिटांसाठी पाठ्यपुस्तकात कधी ‘जिप्पुन्’ तर कधी ‘जुप्पुन्’ दिसेल. पहिला उच्चार परंपरेने प्रमाण मानला जातो, दुसरा बोलण्यात सर्रास आहे आणि २०१० मध्ये सुधारलेल्या अधिकृत चित्राक्षर-सूचीतही त्याची दखल घेतलेली आहे. त्यामुळे कोणताही बेलाशक वापरावा.

महिन्यांचा मार्ग वेगळा आहे. जपानी महिन्यांची नावे म्हणजे क्रमांकच, ‘इचिगात्सु’ जानेवारी, ‘निगात्सु’ फेब्रुवारी, ‘सान्गात्सु’ मार्च. त्यामुळे ‘निगात्सु’ ऐकणाऱ्याला दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते. महिन्यांची लांबी सांगताना अंक आणि महिना यांच्या मध्ये ‘का’ येतो आणि महिन्याचा उच्चारही ‘गेत्सु’ होतो: इक्कागेत्सु, निकागेत्सु, सान्कागेत्सु, योन्कागेत्सु. हा ‘का’ लिहिताना बरेचदा कताकाना लिपीतल्या लहान ‘के’सारखे चिन्ह दिसते, पण ते खरे ‘के’ नसून मोजणीच्या एका चित्राक्षराचा संक्षेप आहे, म्हणून त्याचा उच्चार ‘का’ असाच करायचा. अंकांचे रूपही इथे बदलते: एप्रिल ‘शिगात्सु’, पण चार महिने ‘योन्कागेत्सु’, सप्टेंबर ‘कुगात्सु’, पण नऊ महिने ‘क्यूकागेत्सु’.

आता दिवस. दोनपासून दहापर्यंतचे दिवस जपानी भाषेच्या स्वतःच्या जुन्या अंकांनी मोजले जातात, चिनीतून आलेल्या अंकांनी नव्हे: फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योओका, कोकोनोका, तोओका. यांत चारचा ‘योक्का’ आणि आठचा ‘योओका’ यांवर विशेष लक्ष द्यावे, कारण फरक फक्त जोडाक्षर आणि लांबवलेला ‘ओ’ एवढाच आहे. हे सर्व शब्द तारखेसाठीही चालतात आणि कालावधीसाठीही. हवे तर ‘फुत्सुकाकान्’ म्हणून कालावधी पक्का करता येतो, पण ‘फुत्सुका यासुमिमाशिता’ (दोन दिवस सुट्टी घेतली) यातून कुणाचा गैरसमज होत नाही. जपानीत सुरुवात करून लगेच सोडून देणाऱ्याला ‘मिक्का-बोओझु’, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू, म्हणतात. आपला ‘आरंभशूर’ तो हाच. त्यातला ‘मिक्का’ कालावधीच आहे, आणि तिथे ‘कान्’ नाही.

अपवाद एकाचा आहे. पहिली तारीख ‘त्सुइताची’, पण एक दिवस ‘इचिनिचि’. ‘त्सुइताची’चा मूळ अर्थ चंद्राचा उदय, म्हणजेच महिन्याचा आरंभ, असा असल्याने तो मोजणीला वापरता येत नाही. अकरापासून पुढे बहुतेक ठिकाणी नुसता ‘निचि’ लागतो. मात्र चौदा ‘जूयोक्का’, वीस ‘हात्सुका’ आणि चोवीस ‘निजूयोक्का’ असे जुने सूर मधूनच डोके वर काढतात.

अर्धा दाखवणारा ‘हान्’ मोजमापाच्या नंतर येतो. दीड तास ‘इचिजिकान्हान्’, अडीच तास ‘निजिकान्हान्’. ‘दीड’, ‘अडीच’ यांसाठी एकेक स्वतंत्र शब्द जपानीत नाही, त्यामुळे आपण ‘साडे’ पुढे लावतो ही सवय इथे सोडावी लागते. शिन्कान्सेन गाडीने तोक्योहून शिन्-ओसाकाला जायला साधारण अडीच तास लागतात, ते असे सांगतात: ‘तोक्यो कारा शिन्-ओओसाका मादे निजिकान्हान् गुराइ काकारिमासु’. ‘गुराइ’ हा लांबीचा अंदाज, म्हणजे आपले ‘दोनेक तास’. ‘सहाच्या सुमारास’ यासाठी मात्र ‘रोकुजि गोरो’ म्हणणे अधिक नेटके.

शेवटचा मुद्दा प्रत्ययाचा, आणि त्यात मराठी माणसाला फारसा त्रास होऊ नये. ‘सहा वाजता उठतो’ यात आपण वेळेला ‘-ता’ लावतो, तसा जपानी माणूस ‘रोकुजि नि’ म्हणतो. पण ‘दोन तास अभ्यास केला’ यात आपण तासांना काही लावत नाही, आणि जपानीतही ‘निजिकान् बेन्क्योओ शिमाशिता’ असेच म्हणतात, ‘निजिकान् नि’ नव्हे. काम किती वेळात पुरे झाले हे सांगायचे असेल तर ‘दे’ लागतो: ‘इचिजिकान् दे ओवारिमाशिता’, तासाभरात संपले. आणि ‘आठवड्यातून दोनदा’ म्हणताना ‘इश्शूकान् नि निकाइ’ असा ‘नि’ येतो, पण तिथे आठवडा हा लांबी सांगत नसून वारंवारतेचे माप असतो.