पाच तासांची क्रॉस कंट्री

प्रश्न : मी खासगी वैमानिक परवान्यासाठी बारामती येथे प्रशिक्षण घेत आहे. एकट्याने करावयाचे क्रॉस कंट्रीचे, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाचे, ५ तास ओळखीच्या सोलापूर मार्गावरच पूर्ण केले, तर चालेल का? टॅबलेटवर जीपीएस असताना नकाशा आणि घड्याळ यांचा सराव कितपत आवश्यक आहे?

उत्तर : नियमानुसार किमान ४० तासांच्या उड्डाणानुभवात एकट्याने केलेले २० तास असावे लागतात आणि त्यांतील ५ तास क्रॉस कंट्रीचे असतात, शिवाय एक उड्डाण किमान १५० नॉटिकल मैलांचे, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचे, आणि त्यात दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबण्याचे असावे लागते. त्यामुळे केवळ सोलापूरच्या फेऱ्यांनी ही अट पुरी होणार नाही. उरलेले तास तेथे भरता येतील. मात्र तसे करू नये, असे माझे मत आहे.

तिसऱ्या फेरीपर्यंत हा मार्ग पाठ होतो. डावीकडे उजनी धरण, पुढे त्याच बाजूने जवळ येत जाणारा कुर्डुवाडी–मोहोळ लोहमार्ग, हवा स्वच्छ असेल तर उजवीकडे दूरवर पंढरपूर, हे दिसत गेले की घड्याळ पाहण्याची गरजच वाटेनाशी होते. वास्तविक आधी घड्याळ, मग नकाशा आणि शेवटी जमीन, हा क्रम हवा. शंभर नॉट (ताशी नॉटिकल मैल) भूवेगाने सुमारे १९ मिनिटांनी धरणाची भिंत डावीकडे ५ नॉटिकल मैलांवर दिसावी, असे लॉगमध्ये (उड्डाणाच्या नोंदपत्रकात) इंजिन सुरू करण्यापूर्वीच लिहिलेले असावे. (भिंतच धरावी, जलाशयाचा काठ नव्हे, उन्हाळ्यात पाणी ओसरले की तो काठ नकाशाशी जुळत नाही.) समजा, ती भिंत थेट विमानाखाली आली, तर ३२ मैलांत आपण ५ मैल डावीकडे सरकलो आहोत. साठ मैलांना एक मैल म्हणजे एक अंश, या हिशेबाने चूक सुमारे ९ अंशांची ठरते. तेवढेच उजवीकडे वळल्यास विमान ठरलेल्या ट्रॅकला, म्हणजे नकाशावर आखलेल्या मार्गाला, केवळ समांतर जाईल. सोलापूर गाठण्यासाठी आणखी सुमारे ६ अंश वळावे लागेल. हे गणित शेजारी प्रशिक्षक नसताना, रेडिओवर बोलत आणि उंची सांभाळत करता येणे, यासाठीच ते ५ तास आहेत. म्हणून प्रशिक्षकांशी बोलून दर वेळी निदान एक टप्पा नवा निवडावा.

जीपीएस जवळ असावा, पण आपले स्थान लॉगमध्ये लिहून झाल्यावरच तो पाहावा.

वाट चुकल्याची शंका आली, तर इकडेतिकडे वळत खुणा शोधू नयेत. वेळ टिपून घ्यावी, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) कायम ठेवावे, परवानगी आणि ढग अनुकूल असल्यास उंची वाढवावी आणि स्थान निश्चित नसल्याचे रेडिओवर लगेच सांगावे. चालू फ्रिक्वेन्सीवर उत्तर न मिळाल्यास १२१.५ मेगाहर्ट्झ ही आपत्कालीन फ्रिक्वेन्सी आहे. बहुतेक विद्यार्थी संकोचापोटी हे सांगण्यास दहा-पंधरा मिनिटे उशीर करतात, आणि तेवढ्या वेळात विमान २५ मैलांपर्यंत पुढे गेलेले असते.