बास पॅनल घेण्याआधी

मॅग्नेपॅन एलआरएस या सपाट पॅनल स्पीकरसोबत डीडब्ल्यूएम हा बास पॅनल, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा जोड-स्पीकर, घ्यावा का, हे ठरवायचंय ना? मग आधी एलआरएस नीट जागेवर लावा. मागच्या भिंतीपासून निदान तीन फूट पुढे हवेत. या पॅनलचा पडदा पुढे आणि मागे उलट दाबाने हवा ढकलतो, आणि खालच्या सुरांत या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना खातात. बास कमी वाटतो तो मुख्यतः यामुळे. कित्येकदा स्पीकर फूटभर सरकवले तरी निम्मी तक्रार मिटते.

मग तबला ऐका. बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मनगट दाबत नेलेली मींड (सुराची सलग सरक) नुसत्या एलआरएसवर स्वच्छ ऐकू येते, पण अंगाने थोडी बारीक. बास पॅनल जोडला की तिला भरीवपणा येतो आणि घुमारा फुगत नाही. पेटीबंद सबवूफरशी हा मेळ जमवायला फार खटपट पडते, म्हणून मला पॅनलच आवडतो. मात्र चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते आणि पॅनलची धाव साधारण तिथपर्यंतच. त्याच्याही खालचं पोटात जाणवणारं काही हवं असेल तर सबवूफरच घ्या.

तुलना करताना दोन्ही वेळा आवाज एकाच पातळीवर ठेवा, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटणार. आणि अ‍ॅम्प्लिफायर तपासा. एलआरएस ४ ओहमचे आहेत, म्हणजे विद्युत रोध कमी आणि अ‍ॅम्पवर भार जास्त. त्याच अ‍ॅम्पवर समांतर पॅनल जोडला की भार आणखी वाढतो. साधा रिसीव्हर तिथे तापून बंद पडू शकतो.