मेमरी फुल! वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीचा सेल संपला की माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो. शब्द वेगळे असतात, घोळ एकच. ‘मेमरी’ या एकाच शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो: रॅम, फोनमधलं स्टोरेज आणि वरून घातलेलं कार्ड. दुकानदारही ‘आठची मेमरी आहे’ म्हणतो आणि कसली आठ ते सांगत नाही. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा मोठा असला म्हणून फडताळात डबे जास्त मावत नाहीत. एवढं मनात ठेवून पुढचं वाचा. अठरा वर्षं दुरुस्तीच्या टेबलापाशी बसून मी हेच सांगत आले आहे.

प्रश्न : बजेट दहा हजारांच्या आसपास आहे. ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी नोंद), व्हॉट्सअ‍ॅप आणि मुलीचा अभ्यास, एवढाच वापर. एक मॉडेल सांगा, लगेच घेतो. (शेतकरी, परभणी)

मॉडेलचं नाव सांगणार नाही. हे छापून येईपर्यंत ते बाजारातून गेलेलं असतं आणि त्याच नावाचा, आतून वेगळा फोन दुकानात असतो. काय बघायचं ते सांगते. स्टोरेज १२८ जीबी. ६४ जीबीचा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, वर्षभरात मलाच पत्र लिहाल. रॅम खरी ६ जीबी, फारच ओढाताण असेल तर ४. स्टोरेजचा प्रकार विचारा. ‘यूएफएस’ हा वेगवान प्रकार असेल तर उत्तम. ‘ईएमएमसी’ हा संथ प्रकार असेल तर फोन सहा महिन्यांनी रेंगाळायला लागेल हे धरून चला. सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार, हे खोक्यावर नसतं, ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघावं लागतं. मुलीच्या हातात जाणाऱ्या आणि यूपीआय चालणाऱ्या फोनला हे लागतंच.

पन्नास मेगापिक्सेलला भुलू नका. तो आकडा आता सगळ्यांच्याच खोक्यावर असतो. ५जीचं म्हणाल, तर तुमच्या बांधावर उभं राहून शेजाऱ्याच्या ५जी फोनवर रेंज येते का ते आधी बघा. ५जी आणि १२८ जीबी दोन्ही पैशात बसत नसेल, तर मी १२८ घेईन.

आणखी एक, जे कुठल्याच जाहिरातीत नसतं. पीक पाहणीचा फोटो भर उन्हात, शेतात उभं राहून काढायचा असतो. दुकानातला फोन दोन मिनिटं बाहेर उन्हात नेऊन स्क्रीन दिसते का बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : जाहिरातीत ‘१६ जीबी रॅम’ आहे आणि खाली बारीक अक्षरात ‘८+८’. हे काय? (विद्यार्थी, लातूर)

खोटं नाही, फसवं आहे. पहिले ८ खरे. दुसरे ८ तुमच्याच स्टोरेजमधून उसने घेतलेले. ओट्यावर जागा नाही म्हणून परात फडताळात ठेवायची आणि लागेल तेव्हा पुन्हा काढायची, तसा हा प्रकार. काम होतं, पण सावकाश, आणि फडताळातली जागा जाते ती जातेच. स्टोरेज कमी पडत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘रॅम प्लस’, ‘मेमरी एक्स्टेंशन’ अशा काहीतरी नावाखाली हे असतं, ते बंद करून फोन रिस्टार्ट करा. गेलेले जीबी परत येतील. आणि खरेदी करताना अधिक चिन्हाच्या डावीकडचा आकडा तेवढा वाचा.

प्रश्न : नवा कोरा ६४ जीबीचा फोन, पण रिकामी जागा पंचेचाळीसच्या आत दिसते. दुकानदारानं फसवलं का?

नाही. उरलेली जागा अँड्रॉइड आणि कंपनीनं आधीच भरलेल्या अ‍ॅपनी खाल्ली आहे.

प्रश्न : अंगणवाडीचं सगळं काम माझ्या स्वतःच्या २ जीबी रॅम, ३२ जीबीच्या फोनवर करते. पोषण ट्रॅकर हे माहिती भरायचं सरकारी अ‍ॅप उघडतानाच फोन अडकतो. काय डिलीट करू? (अंगणवाडी सेविका, नंदुरबार)

ताई, डिलीट करून हे सुटणार नाही. तुमचा ओटाच लहान आहे. २०२१मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले होते, ते याच कारणांसाठी. तात्पुरता उपाय म्हणजे फेसबुक अ‍ॅप काढून ते ब्राउझरमध्ये वापरा आणि माहिती भरण्याआधी फोन रिस्टार्ट करा. पोषण ट्रॅकर काढून पुन्हा टाकण्याच्या भानगडीत मात्र पर्यवेक्षिकेला विचारल्याशिवाय पडू नका. न पाठवलेली नोंद त्यात अडकलेली असू शकते.

प्रश्न : क्लीनर अ‍ॅप कोणतं चांगलं?

कोणतंही नको. असेल ते काढा. ‘तुमच्या फोनमध्ये २,३४७ जंक फाइल’ असं लाल अक्षरात ओरडणारं अ‍ॅप स्वतःच जंक असतं. गूगलचं ‘फाइल्स’ पुरेसं आहे. ते २०१७च्या डिसेंबरात आलं, तेव्हा गूगलच्या लोकांना भारतातले फोन कशानं भरतात याचा शोध लागला होता. सुप्रभातच्या फुलांनी.

प्रश्न : मावसभाऊ म्हणाला, ‘क्लिअर डेटा’ कर, जागा होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर करू का? (ठाणे)

करू नका! मावसभावाला नमस्कार सांगा. ‘क्लिअर कॅश’ म्हणजे फडताळातली धूळ पुसणं. ती कधीही पुसा, काही जात नाही. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे त्या अ‍ॅपचं घर रिकामं करणं. अ‍ॅप पहिल्या दिवसासारखं कोरं होतं, लॉगिन जातं, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत बॅकअप नसेल तर गप्पाही जातात. दोन्ही बटणं शेजारीशेजारी असतात. ही रचना ज्यानं केली त्याला एकदा माझ्या टेबलासमोर बसवायला हवं.

प्रश्न : ‘स्टोरेज फुल’ असं चार महिने येत होतं, वेळ मिळाला नाही. आता फोन कंपनीच्या लोगोवरच अडकून राहतो. बाळाचं पहिलं वर्ष आणि आईचे शेवटचे फोटो त्यात आहेत. एक जण म्हणतो, रिसेट मारा. दुसरा म्हणतो, चिप काढून फोटो देतो, सहा हजार आगाऊ. काय करू? (पुणे)

दोघांनाही फोन देऊ नका. सविस्तर लिहिते, कारण असं पत्र मला दर महिन्याला येतं आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

रिसेट मारला तर फोन सुरू होईल आणि फोटो कायमचे जातील. चिपवाल्याचं म्हणणं दहा वर्षांपूर्वी ठीक होतं. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरचं अँड्रॉइड घेऊनच बाजारात आलेल्या फोनमध्ये सगळा साठा सांकेतिक रूपात, कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच फोनच्या हार्डवेअरला बांधलेली असते. नुसती चिप उपटून दुसरीकडे लावली तर हाती लागतो तो निरर्थक आकड्यांचा चिवडा. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचं ज्ञान मोबाइलला लावणारे अजून पुष्कळ आहेत.

आज करायचं ते एवढंच. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर तुमच्या गूगल खात्यात जाऊन ‘गूगल फोटोज’ उघडा. बॅकअप कधीतरी चुकून चालू झालेला असतो आणि माणसाला पत्ताच नसतो. माझ्या टेबलावर यानं कितीतरी जण रडता रडता हसले आहेत. फोनमध्ये कार्ड असेल तर काढून वेगळं तपासा. मग फोन अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. पावतीवर ‘डेटा पुसू नये, आधी विचारावे’ असं लिहून घ्या. तोंडी सांगणं चालत नाही. काउंटरवरचा माणूस वेगळा, आत बसलेला वेगळा. तिथे जमलं नाही तर डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्यांचा सल्ला घ्या, पण पैसे फोटो दिसल्यावर. मिळतीलच असं मी सांगणार नाही.

असं होतं कशामुळे? फोन सुरू होताना शेकडो छोट्या नोंदी लिहितो. फडताळात कागद ठेवायलाही फट उरली नाही की तो त्याच जागी घुटमळत राहतो. म्हणून निदान दहा-पंधरा टक्के जागा रिकामी हवी. ती सूचना चार महिने बोटानं बाजूला सारली जाते, हेच माझं दुखणं आहे.

बाकीच्यांनीही वाचा. ‘फोटो गूगलवर गेलेत, आता मोबाइलमधले डिलीट केले तरी चालतात’ ही ऐकीव गोष्ट मी रोज ऐकते. बॅकअप चालू असताना गूगल फोटोज अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि गूगलवरूनही. बॅकअप झालेला फोटो ‘बिन’मध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या कचरापेटीत, ६० दिवस असतो, मग संपला. जागा करायची तर त्याच अ‍ॅपमधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरा. ते फक्त बॅकअप झालेलेच फोटो फोनमधून काढतं आणि गूगलवर ठेवतं. त्याआधी दोन-चार जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडून दिसतात ना ते बघा.

गूगलची फुकट जागाही आता अथांग नाही. १ जून २०२१पासून नवे फोटो १५ जीबीत मोजले जातात. त्याच १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि २०२४पासून व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आला. ती भरली की फोटोंचा बॅकअप थांबतो, आणि त्याचीही सूचना आपण बोटानं बाजूला सारतो. म्हणून ‘बॅकअप ऑन आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा चढलाय ते बघा. शिवाय गूगल आपणहून फक्त कॅमेऱ्यातले फोटो घेतं. नणंदेनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले बारशाचे फोटो हवे असतील तर तो फोल्डर वेगळा चालू करावा लागतो.

दुसरी प्रत घरात हवी. दोन तोंडांचा पेन ड्राइव्ह मिळतो, एक तोंड फोनला, एक कॉम्प्युटरला. मी पाडव्याला आणि दसऱ्याला घरातल्या सगळ्यांचे फोटो उतरवते. दसऱ्याला शस्त्रं पुसायची असतात, माझं शस्त्र हेच.

प्रश्न : ऑनलाइन १ टीबीचं (म्हणजे हजार जीबीचं) मेमरी कार्ड ५९९ रुपयांत आहे. घेऊ का? (चिपळूण)

नका. आत बहुधा १६ किंवा ३२ जीबी असते आणि फोनला १ टीबी असल्याचं खोटं सांगायला ते कार्ड शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचे फोटो जुन्यांवर चढतात किंवा नुसती नावं उरतात. घेतलंच असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत कॉम्प्युटरवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम चालवून बघा. आणि अ‍ॅप कार्डावर टाकायच्या भरवशावर कमी स्टोरेजचा फोन घेऊ नका. बहुतेक फोन ते धड करू देत नाहीत.

प्रश्न : ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली, तरी व्हॉट्सअ‍ॅप २३ जीबी! (निवृत्त शिक्षक, सातारा)

काका, त्यानं फोटो फक्त गॅलरीत दिसेनासे होतात, फोनमध्ये येतातच. पाहुणे माळ्यावर लपवले म्हणून जेवायचे थांबत नाहीत. सेटिंग्ज, ‘स्टोरेज अँड डेटा’, तिथे ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’मध्ये मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग तिन्हीकडच्या खुणा काढा. मग ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ उघडा आणि डोळे झाकून पुसा. ‘५ एमबीपेक्षा मोठ्या’ फाइलींचा विभाग मात्र डोळे उघडून, कारण नातवाचे व्हिडिओ तिथेच सापडतील. शंका आली तर सूनबाईंना शेजारी बसवा.

प्रश्न : नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे खरंच बिनव्याजी ना?

रिझर्व्ह बँकेनं २०१३मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. एक तर रोखीवर मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी हळूच लागतो. दुकानदाराला ‘आत्ता सगळे पैसे दिले तर किती?’ एवढं विचारा आणि फरक काढा. काही कर्जांत हप्ता चुकला की फोनच लॉक होतो, तेव्हा सही करण्याआधी करारपत्र बँकेतल्या ओळखीच्या माणसाला दाखवा.

प्रश्न : ओळखीतून जुना फोन चार हजारांत मिळतोय, बिल नाही. घेऊ का? (नाशिक)

बिल नसेल तर नको. तरी मोह होत असेल तर स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. केवायएम, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत, म्हणजे चोरीचा वगैरे म्हणून बंद केलेला, असेल तर कळेल. विकणाऱ्याला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर काढायला सांगा, नाहीतर रिसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल. ‘खातं नंतर काढून देतो’ म्हणाला, तर पैसेही नंतरच द्या.