बाळासाठी मावशी हव्यात

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. माझी 26 आठवड्यांची रजा महिन्याभरात संपेल. सांभाळायला मावशी कधी शोधाव्यात?

उत्तर : आजच लागा. तुम्ही रुजू होण्याआधी निदान दोन आठवडे, तुम्ही घरात असतानाच मावशींना कामावर येऊ द्या. बाळाला हात ओळखीचे होतात. आधीच्या दोन घरी स्वतः फोन करून ‘काम का सुटलं?’ हे विचाराच. आधारची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात नोंद करा. पगार, साप्ताहिक सुट्टी कागदावर लिहा. केर-भांडी त्यांच्यावर टाकू नका. बाळावरचं लक्ष तिथेच उडतं. तुमचं काढून ठेवलेलं अंगावरचं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर 25 अंशांपर्यंत चारच तास. आपल्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवूच नये, हे मावशींना करून दाखवा.