कोयनेतलं ते खोल भोक

प्रश्न : आम्ही पाटणचे. कोयनेचे भूकंप धरणामुळेच होतात ना? आणि गोठणे गावाजवळ जमिनीत खोल भोक पाडलंय म्हणे, त्याने हादरे वाढणार नाहीत का?

उत्तर : धरणाने भूकंप 'तयार' केला असं नाही हो. खालचा खडक आधीच ताणाखाली होता, १९६२ पासून पाणी साठायला लागलं, ते भेगांतून खाली झिरपलं, आतला दाब वाढला की भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट धरून राहत नाहीत, मग सरकतात. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा धक्का तुमच्या घरात कुणाला तरी आठवत असेलच. पावसाळ्यात धरण भरलं की नंतर हादरे वाढतात हेही नोंदींमध्ये दिसतं.

आता ते भोक. ३ किलोमीटर खोल आहे, सव्वा किलोमीटरभर काळा बेसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट! खडकाचे नमुने, तापमान, ताण हे सगळं कराडच्या सरकारी प्रयोगशाळेतले लोक तपासतात. एवढ्याशा रुंदीच्या भोकाने हादरे वाढायची भीती नको. पण भूकंपाची तारीख यातून कळेल असं कुणी सांगत असेल तर ती थाप समजा.