प्रश्न तुमचा: हीटिंगचा जुना टायमर काढून इलेक्ट्रॉनिक लावू का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, घर १९७० च्या आसपासचं. सेंट्रल हीटिंगचा टायमर गोल चकतीचा, पिना खोचायच्या तो. चकती हल्ली मागे पडते, पहाटे पाचला लागणारं हीटिंग सातला लागतं आणि तोवर सांगलीहून आलेले आईबाबा शाली गुंडाळून किचनमध्ये बसलेले असतात. इलेक्ट्रॉनिक टायमर आणून ठेवलाय, मीच बसवू का? जुन्यात लाल-काळ्या वायरी आहेत, नव्याच्या कागदावर तपकिरी-निळ्या.

उत्तर: घरातलं वायरिंग आधी कधी केलं असेल तर बसवा, तास-दीड तासाचं काम आहे. घोळ होतो तो रंग बघून वायरी जोडल्या की. तिकडे २००४ पासून रंग बदलले, लाल लाइव्हचा तपकिरी झाला आणि काळ्या न्यूट्रलचा निळा, एवढं ठीक. पण टायमरमधून बॉयलरला, पंपाला, व्हॉल्व्हला जाणाऱ्या वायरीही चालू झाल्या की लाइव्हच असतात, आणि बसवणाऱ्याने हाताशी असलेल्या केबलमधला निळा, पिवळा, जो उरला तो वापरलेला असतो, म्हणजे निळा दिसला म्हणून न्यूट्रल धरलात तर फसलात.

आधी हीटिंगच्या स्परचा, म्हणजे हीटिंगला वीज देणाऱ्या भिंतीवरच्या फ्यूजवाल्या पॉइंटचा, स्विच बंद करा आणि त्यातला ३ अँपिअरचा फ्यूज काढून खिशात टाका (स्विच नुसता बंद ठेवला की घरातलं कोणीतरी येऊन तो लावतंच, अनुभव आहे). टेस्टरने खात्री करा, मग झाकण काढून मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून ती कुठल्या टर्मिनलमधून निघाली ते लिहा. नव्या टायमरच्या मागच्या प्लेटवर बहुतेक ठरलेले आकडे असतात: ३ म्हणजे गरम पाणी चालू, ४ म्हणजे हीटिंग चालू, १ आणि २ त्यांचेच 'बंद'. जुन्यावर आकडे वेगळे असू शकतात, म्हणून आकड्याला आकडा जोडू नका, कामाला काम जोडा.

आता तुमच्या घराच्या वयामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुन्या टायमरवर गरम पाणी बंद ठेवून नुसतं हीटिंग लावता येतं का बघा. येत नसेल तर तुमची सिस्टिम बहुधा ग्रॅव्हिटीची, टाकीतलं पाणी पंपाशिवाय आपोआप फिरतं आणि बॉयलर गरम पाण्याच्या वायरीवरच पेटतो. नव्याच्या पाठीमागे एक बारकीशी पट्टी असते, ती ग्रॅव्हिटीकडे सरकवा. विसरलात तर काय होतं, हीटिंग लावलं की पंप घरघरतो, बॉयलर पेटतच नाही आणि रेडिएटर गारच, आणि माणूस बिचारा दोन दिवस पंपाला शिव्या देत बसतो.

टायमर भिंतीवर नसून बॉयलरच्या आतच असेल तर मात्र हात लावू नका, गॅसच्या कामाची तिकडची अधिकृत 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्याला बोलवा. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय थेट गरम पाणी देणारा) असेल तरी त्याचं मॅन्युअल आधी वाचा, काहींना टायमरकडून नुसता स्विच हवा असतो, तिथे २३० व्होल्ट गेले तर सर्किट बोर्ड उडतो.

बसवून झालं की 'प्लस वन अवर'चं बटण असेल तर त्याच्या शेजारी 'एक तास जास्त' अशी मराठीत चिठ्ठी चिकटवा, म्हणजे आईबाबांना तुम्हाला उठवायला नको.